विश्लेषण : ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड घरात आणताय? अंबरनाथ-बदलापूरचा उन्हाळा, लिफ्ट नसलेली इमारत आणि खर्चाचे गणित काय सांगते?

इन्स्टाग्रामवरच्या रील्समध्ये लहान मुलाच्या उशाला झोपलेला ग्रेट डेन किंवा बर्फात लोळणारा सेंट बर्नार्ड पाहून असा कुत्रा आपल्याही घरी असावा, असे अनेकांना वाटते. अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरापासून बदलापूरच्या नव्या गृहसंकुलांपर्यंत आणि उल्हासनगरच्या जुन्या इमारतींपासून वांगणीकडच्या बंगल्यांपर्यंत विदेशी जातीचे कुत्रे पाळण्याची हौस वाढली आहे. मात्र दहा किलोचा कुत्रा सांभाळणे आणि साठ-सत्तर किलोचा कुत्रा सांभाळणे यात केवळ आकाराचा फरक नसतो. आहार, आजार, औषधे, जागा, शेजारी, कायदा अशी सगळीच गणिते बदलतात. या जाती नेमक्या कोणत्या, त्या आपल्या हवामानात टिकतात का, सोसायटी त्यांना मज्जाव करू शकते का आणि पिल्लू घेण्याआधी कोणते प्रश्न विचारायला हवेत, याविषयी…

महाकाय जाती म्हणजे कोणत्या?

साधारणपणे पूर्ण वाढ झाल्यावर ज्या कुत्र्याचे वजन ४५ ते ५० किलोंच्या पुढे जाते, त्या जातीला महाकाय जात म्हटले जाते. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड या जाती ‘मोठ्या’ गटात मोडतात, ‘महाकाय’ गटात नाही. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, इंग्लिश मॅस्टिफ, तिबेटी मॅस्टिफ, न्यूफाउंडलंड, आयरिश वुल्फहाउंड या खऱ्या अर्थाने महाकाय जाती. ग्रेट डेन नराचे वजन ६३ ते ७९ किलो, तर सेंट बर्नार्ड नराचे ६४ ते ८२ किलोंपर्यंत असू शकते. इंग्लिश मॅस्टिफ तर शंभर किलोंचा आकडाही गाठतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या ‘झ्यूस’ नावाच्या ग्रेट डेनची उंची २०११ मध्ये खांद्यापर्यंत १११.८ सेंटिमीटर मोजली गेली आणि जगातील सर्वांत उंच कुत्रा म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. एवढी उंची म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्यापेक्षाही जास्त.

यातील प्रत्येक जात विशिष्ट कामासाठी घडवली गेली. ग्रेट डेनच्या पूर्वजांना जर्मनीत रानडुकरांच्या शिकारीसाठी वापरले जाई. न्यूफाउंडलंड हा कॅनडाच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या मदतीला असे. सेंट बर्नार्ड आल्प्स पर्वतातील सुमारे २,४६९ मीटर उंचीवरच्या खिंडीत, बर्फात अडकलेल्या प्रवाशांना शोधायचा. १८०० ते १८१४ या काळात जगलेल्या ‘बॅरी’ नावाच्या कुत्र्याने चाळीसहून अधिक जणांचे प्राण वाचवल्याचे सांगितले जाते. स्वित्झर्लंडमधील बर्न शहराच्या संग्रहालयात त्याचे पेंढा भरलेले शरीर आजही ठेवलेले आहे. जी जात बर्फासाठी घडली, ती मे महिन्यात बदलापुरात काय करेल, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

मोठा कुत्रा म्हणजे धोकादायक कुत्रा का?

नाही. बहुतांश महाकाय जाती स्वभावाने शांत असतात, घरातल्यांना लळा लावतात आणि दिवसाचा बराच वेळ झोपून काढतात. ग्रेट डेन किंवा न्यूफाउंडलंड लहान मुलांशी अतिशय समजुतीने वागतात, असा अनेक श्वानपालकांचा अनुभव असतो. अडचण स्वभावाची नसून वजनाची असते. सत्तर किलोचा कुत्रा आनंदाने अंगावर झेपावला, तरी आजोबांचे खुब्याचे हाड मोडू शकते. शेपटीच्या एका फटक्यात टेबलावरचा चहा मुलाच्या अंगावर सांडू शकतो. रस्त्यावर मांजर दिसल्यावर त्याने ओढ घेतली, तर पट्टा धरणारी पन्नास किलोची व्यक्ती त्याच्या मागे फरफटत जाते. म्हणूनच ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ या आज्ञा लहान कुत्र्याच्या बाबतीत हौस असली, तरी महाकाय कुत्र्याच्या बाबतीत गरज ठरते. त्या तो चार-पाच महिन्यांचा असतानाच, हाताळता येईल अशा वजनाचा असेपर्यंत शिकवाव्या लागतात. घरातल्या एकाच माणसाचे ऐकणारा कुत्रा पुरेसा नाही. जो कोणी त्याला फिरायला नेणार, त्या प्रत्येकाचे त्याने ऐकायला हवे.

तिबेटी मॅस्टिफ, कॉकेशियन शेफर्ड यांसारख्या राखणदार जातींची गोष्ट मात्र वेगळी. अनोळखी माणसाला न विचारता अडवणे हेच त्यांचे पिढ्यान् पिढ्यांचे काम. दिवसभर कुरिअरवाले, दूधवाले, घरकामाच्या ताई आणि पाहुणे यांची ये-जा असलेल्या सोसायटीत अशा कुत्र्याला सांभाळणे अनुभवी पालकालाही जड जाते.

केंद्राने बंदी घातलेल्या जातींमध्ये या जाती आहेत का?

केंद्रीय पशुसंवर्धन व दुग्धविकास विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून २३ जातींच्या कुत्र्यांची विक्री, पैदास व पाळण्यासाठी परवाने देऊ नयेत आणि आधीपासून पाळलेल्या कुत्र्यांची नसबंदी करावी, असे कळवले होते. त्या यादीत पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, कॉकेशियन शेफर्ड, कांगल, बोअरबोएल, मॅस्टिफ अशी नावे होती. ग्रेट डेन आणि सेंट बर्नार्ड या यादीत नव्हते. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी हे परिपत्रक रद्द केले. बाधित होणाऱ्यांचे म्हणणे न ऐकता निर्णय घेतला, हा त्यावरचा मुख्य आक्षेप होता. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकले नाही आणि आधी लोकांच्या हरकती मागवण्याचा मार्ग केंद्राला घ्यावा लागला.

मात्र परिपत्रक रद्द झाले म्हणजे मालकाची जबाबदारी संपली, असे नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये यासाठी पुरेशी काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुंबईत २०१० मध्ये रॉटवायलरने एका ज्येष्ठ नागरिकाला चावल्याच्या प्रकरणात गिरगावच्या न्यायालयाने २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. वरळीतील इमारतीच्या लिफ्टमध्ये २०१८ मध्ये शेजाऱ्याला हस्की कुत्रा चावला, त्या प्रकरणात २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. यातील हस्की महाकाय नव्हता. म्हणजेच न्यायालय जात किंवा वजन पाहत नाही, मालकाने काय काळजी घेतली ते पाहते.

मोठ्या कुत्र्यांचे आयुष्य कमी का असते?

घरात पिल्लू आणताना हे सत्य फार थोड्यांना कुणी सांगते. गावठी कुत्रा नीट सांभाळला तर १२ ते १५ वर्षे जगतो. ग्रेट डेनचे सरासरी आयुष्य ७ ते १०, सेंट बर्नार्डचे ८ ते १०, तर आयरिश वुल्फहाउंडचे ६ ते ८ वर्षे धरले जाते. पहिलीतल्या मुलासाठी आणलेला ग्रेट डेन त्या मुलाच्या दहावीपर्यंत सोबत असेलच, असे नाही.

प्राणिसृष्टीत हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो, पण कुत्र्यांच्या जातींमध्ये हे गणित उलटे आहे. जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ७४ जातींच्या नोंदी तपासल्या. शरीराचे वजन दर दोन किलोंनी वाढले, की आयुष्य साधारण एका महिन्याने घटते, असे त्यात दिसले. मोठे कुत्रे म्हातारे लवकर होत नाहीत, तर त्यांच्यात म्हातारपण जलद गतीने पुढे सरकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने कुत्र्यांच्या आकाराचा मोठा भाग ‘आयजीएफ-१’ या वाढीशी संबंधित एका जनुकाशी जोडला. जन्मावेळी अर्धा-पाऊण किलो असलेले पिल्लू दीड-दोन वर्षांत शंभरपट वाढते. या वाढीची किंमत हाडे, सांधे आणि हृदयाला मोजावी लागते. खुब्याच्या सांध्याची विकृती, हृदयाचे स्नायू पातळ होऊन ते फुगणे आणि हाडांचा कर्करोग या जातींमध्ये जास्त आढळतात.

अंबरनाथ-बदलापूरच्या उन्हाळ्यात हे कुत्रे टिकतात का?

टिकतात, पण आपोआप नाही. समुद्रापासून आत असल्याने बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात मार्च ते मे या काळात पारा मुंबईपेक्षा वर राहतो आणि अनेकदा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तोंड उघडे ठेवून धापा टाकत, जिभेवरील ओल वाफेत बदलून तो शरीर थंड करतो. हवा दमट असेल तर ही वाफ नीट होत नाही. शरीर जितके मोठे, तितकी आतली उष्णता बाहेर पडणे अवघड. त्यात सेंट बर्नार्ड, न्यूफाउंडलंड, तिबेटी मॅस्टिफ यांच्या अंगावर दुहेरी केसांची दुलई. ग्रेट डेनचे केस आखूड असल्याने तो या तिघांच्या तुलनेत आपल्याकडे बरा निभावतो, पण उन्हाचा त्रास त्यालाही होतो.

कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांच्या वर गेले की उष्माघात समजावा. जोरजोरात धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, तोल जाणे, उलटी ही लक्षणे दिसताच त्याला सावलीत आणून अंगावर साधे गार पाणी ओतावे, पंखा लावावा आणि मग डॉक्टरांकडे न्यावे. ‘आधी थंड करा, मग न्या’ हा नियम पशुवैद्य आवर्जून सांगतात. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवल्यास उलट उष्णता कोंडते.

फिरण्याची वेळ सकाळी सातच्या आत आणि रात्री रस्ता निवल्यानंतर. हाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याचे पंजेही भाजतात. उन्हाळा म्हणून दुहेरी केसांच्या कुत्र्याचे केस मुळापासून भादरणे चुकीचे. हे केस काही प्रमाणात उन्हापासून बचावही करतात. त्याऐवजी रोज विंचरून आतले गळलेले केस काढावेत. वीज गेल्यावर काय, हा प्रश्न इथे फार खरा आहे. ज्याचा कुत्रा वातानुकूलित खोलीवर अवलंबून आहे, त्याने निदान पंखा चालेल इतक्या इन्व्हर्टरची सोय आधी पाहावी. पाण्याचेही तसेच. साठ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण तीन लिटर आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त पाणी प्यायला लागते. आंघोळ व फरशी धुणे वेगळे. पाणीकपातीच्या दिवसांत टाकीचा हिशेब कुत्र्याला धरून करावा लागतो.

पावसाळ्यात कोणती काळजी?

पावसाळ्यातला पहिला शत्रू गोचीड. गोचीड चावल्याने होणाऱ्या बॅबेसिया, अर्लिकिया या आजारांना बोलीभाषेत ‘गोचीड ताप’ म्हणतात. कुत्रा खाणे सोडतो, हिरड्या पांढुरक्या होतात, लघवी गडद होते. रक्ततपासणीला उशीर झाला तर जिवावर बेतते. दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून तो कुत्र्याला आणि कुत्र्यापासून माणसालाही होऊ शकतो. वालधुनी आणि उल्हास नदीकाठच्या सखल भागात पाणी साचणे नवे नाही. त्यामुळे रेबीजइतकेच लेप्टोस्पायरोसिसच्या वार्षिक लशीकडेही लक्ष हवे.

पुराचा विचार तर इथल्या प्रत्येकाने करायला हवा. २६ जुलै २००५ चा प्रलय या पट्ट्याने अनुभवला. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा वेळी लहान कुत्रा काखेत घेऊन वरच्या मजल्यावर जाता येते. घाबरलेल्या सत्तर किलोच्या कुत्र्याला उचलता येत नाही, त्याला स्वतः चालावे लागते. त्यामुळे तळमजल्यावर राहणाऱ्यांनी कुत्र्याला जिना चढण्याची सवय, मजबूत हार्नेस आणि वरच्या मजल्यावरील एका शेजाऱ्याशी आधीच केलेले बोलणे, या तीन गोष्टी जूनपूर्वी तयार ठेवाव्यात.

फ्लॅटमध्ये महाकाय कुत्रा राहू शकतो का?

घराच्या चौरस फुटांपेक्षा महत्त्वाचा आहे तो जिना. पूर्ण वाढलेल्या ग्रेट डेनला दिवसातून दोनदा चांगला फेरफटका मिळाला, तर तो वन बीएचकेमध्येही समाधानाने राहतो. त्याला पाय पसरून झोपायला जागा आणि वळायला वाव मिळाला की पुरे. पण उल्हासनगर-अंबरनाथमधील अनेक जुन्या चार-पाच मजली इमारतींना लिफ्ट नाही. पिल्लू असताना रोज चार मजले चढणे-उतरणे वाढत्या सांध्यांना घातक, आणि सात वर्षांचा झाल्यावर तेच जिने त्याला चढवत नाहीत. मागच्या पायांत बळ नसलेल्या कुत्र्याला लघवीसाठी दिवसातून चार वेळा खाली न्यायचे म्हणजे प्रत्येक वेळी चादरीची झोळी करून दोन-तीन माणसांनी उचलायचे. ही माणसे घरात आहेत का, हा प्रश्न पिल्लू घेण्याआधीच विचारायला हवा.

दुसरी न दिसणारी अडचण म्हणजे गुळगुळीत टाइल्स. त्यांवरून पाय घसरत राहिल्याने वाढत्या वयात खुब्यावर ताण येतो. कुत्र्याच्या ये-जा करण्याच्या वाटेवर रबरी चटया किंवा जाड सतरंज्या घातल्या तर हा त्रास बराच टळतो. कठीण फरशीवर झोपून कोपरांवर घट्टे पडतात, म्हणून जाड गादीही लागते. बाल्कनीच्या कठड्याची उंची आणि मजबुती नव्याने तपासावी. पुढचे पाय कठड्यावर टेकवून उभा राहिलेला महाकाय कुत्रा माणसाच्या उंचीचा होतो.

पिल्लाला काय आणि किती खायला घालावे?

‘मोठा कुत्रा आहे, भरपूर खाऊ घाला, कॅल्शियम द्या’ हा सल्ला जवळपास प्रत्येकाला मिळतो आणि तो घातक आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९७४ मध्ये ग्रेट डेन पिल्लांवरच प्रयोग झाला. मनसोक्त खाऊ घातलेल्या पिल्लांची हाडे व सांधे, मोजून खाऊ घातलेल्या पिल्लांपेक्षा जास्त बिघडल्याचे त्यात दिसले. लहान पिल्लांच्या आतड्यांना जास्तीचे कॅल्शियम नाकारता येत नाही, ते शरीरात शोषले जाते आणि हाडांची घडण बिघडते. त्यामुळे तयार खाद्य सुरू असताना वरून कॅल्शियमचे सिरप डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये. ‘लार्ज ब्रीड पपी’ असे लिहिलेल्या खाद्यात कॅल्शियम व ऊर्जेचे प्रमाण याच कारणासाठी मोजके ठेवलेले असते. पिल्लू गुबगुबीत नव्हे, सडपातळ दिसले पाहिजे. बोटांना बरगड्या सहज लागाव्यात, पण डोळ्यांना ठळक दिसू नयेत.

घरचे अन्न द्यायला हरकत नाही. पण केवळ दूध-चपाती किंवा दही-भातावर हे शरीर उभे राहत नाही. चिकन, अंडी, भात, भोपळा यांचे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. कांदा-लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कोणत्याही कुत्र्याला देऊ नये. नसबंदीची घाईही नको. वाढ पूर्ण होण्याआधी ती केल्यास सांध्यांवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे या जातींमध्ये योग्य वय डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

रात्री अचानक पोट फुगले तर?

महाकाय कुत्रा पाळणाऱ्याला एकच आजार पाठ असायला हवा असेल, तर तो हा. खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये जठरात वायू साचून ते फुगते आणि कधी कधी स्वतःभोवती पीळ घेते. दोन्ही वाटा बंद होतात, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रा दगावतो. ग्रेट डेनमध्ये हा धोका सर्वाधिक जातींपैकी एक आहे. उलटीचा प्रयत्न करूनही काही न पडणे, लाळ गळणे, अस्वस्थ येरझारा, बरगड्यांमागे ढोलासारखे टणक पोट ही लक्षणे. अशा वेळी ओवा, सोडा, ताक असे घरगुती उपाय करण्यात वेळ घालवू नये. यावर शस्त्रक्रिया हाच इलाज.

इथे अंतराचा प्रश्न येतो. अंबरनाथ सीएसएमटीपासून रेल्वेमार्गाने ६० किलोमीटर, बदलापूर ६८ किलोमीटर. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय किंवा महालक्ष्मीचे २०२४ मध्ये सुरू झालेले टाटा ट्रस्टचे प्राण्यांचे रुग्णालय मोठ्या उपचारांसाठी उपयोगी असले, तरी मध्यरात्री पीळ पडलेल्या पोटासाठी ते अंतर फार आहे. उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, ठाणे या पट्ट्यात रात्री शस्त्रक्रिया करू शकणारा पशुवैद्य कोण, त्याच्याकडे एवढ्या मोठ्या कुत्र्याला भूल देण्याची सोय आहे का, हे पिल्लू घेण्याआधी शोधून नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवावा. सोबत वाहनाचीही खात्री हवी. रिक्षात ग्रेट डेन कसाबसा मावला, तरी मध्यरात्री रिक्षावाला तयार होईलच असे नाही. लांब पल्ल्याच्या रेल्वेतही असा कुत्रा न्यायचा, तर प्रथम वर्गाचा पूर्ण कुपे किंवा केबिन आरक्षित करावी लागते, अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत पाठवावे लागते.

दिवसाचे खाणे एकाच वेळी न देता दोन-तीन भागांत विभागणे आणि खाल्ल्यावर तासभर धावपळ टाळणे, ही साधी काळजी. उंच स्टँडवर भांडे ठेवल्याने पोट फुगत नाही, हा समज खात्रीचा नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात उलट अशा भांड्यांमुळे धोका वाढलेला दिसला होता, पुढे त्यावर मतभेद झाले. नसबंदीच्याच वेळी जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून बसवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तर पीळ पडण्याचा धोका खूप कमी होतो. ग्रेट डेनच्या पालकांनी डॉक्टरांना याविषयी स्वतःहून विचारावे.

खर्चाचे गणित काय?

साठ किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण २,४०० कॅलरी लागतात. म्हणजे तयार कोरडे खाद्य सुमारे साडेसहाशे ते सातशे ग्रॅम, महिन्याला वीस किलो. किलोला ४०० रुपये धरले, तर फक्त खाद्याचे आठ हजार रुपये झाले. दहा किलोच्या कुत्र्याला याच दराने सुमारे दोन हजार पुरतात. खरा फरक औषधांत पडतो. जंताची जी गोळी दहा किलोंना एक, ती इथे सहा. गोचीड प्रतिबंधक गोळी, भुलीचे औषध, प्रतिजैविके, सलाइन सगळे वजनावर. त्यामुळे शस्त्रक्रियेचे बिल लहान कुत्र्याच्या कित्येक पट होऊ शकते. पिल्लाची किंमत हा या व्यवहारातला सर्वांत छोटा आकडा असतो. दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकणे किंवा पाळीव प्राण्यांचा विमा पाहणे शहाणपणाचे.

गावाला जायचे तर काय, हाही खर्चाचाच भाग. महाकाय कुत्रा ठेवून घेणारी बोर्डिंगची ठिकाणे मोजकी असतात. शेवटच्या निरोपाचाही विचार अवघड वाटला तरी करावा लागतो. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाड येथे लहान प्राण्यांसाठी दहनवाहिनी सुरू केली. आपल्या पालिकेत काय सोय आहे, याची माहिती वेळेआधी घेतलेली बरी.

सोसायटी मोठ्या कुत्र्यावर बंदी घालू शकते का?

नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. लहान कुत्रे चालतील, मोठे चालणार नाहीत, असा भेदही करता येत नाही. लिफ्ट वापरण्यास मनाई किंवा त्यासाठी जादा आकारणीही करता येत नाही. दुसरी लिफ्ट असेल तर ती वापरण्याची विनंती करता येते.

पण कायदा बाजूने आहे म्हणून शेजारी बाजूने होत नाहीत. लिफ्टमध्ये आधीच कोणी असेल, तर पुढच्या फेरीची वाट पाहणे, जिन्यात व आवारात आखूड पट्टा ठेवणे, विष्ठा लगेच उचलणे, रात्रीचे भुंकणे प्रशिक्षणाने कमी करणे या गोष्टींनीच वाद टळतात. रेबीज लशीचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे. उल्हासनगरला महापालिका, तर अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरला नगर परिषद आहे. पाळीव कुत्र्याच्या नोंदणी व परवान्याची चौकशी आपापल्या पालिकेत करावी. महाशिवरात्रीच्या जत्रेत शिवमंदिर परिसरात लोटणारी गर्दी, गणपती-दिवाळीतले फटाके व ढोल या काळात कुत्र्याला बाहेर न नेता आतल्या खोलीत ठेवणेच योग्य. घाबरलेल्या मोठ्या कुत्र्याने पट्टा तोडला तर त्याला गर्दीत आवरणे कठीण असते.

पिल्लू कुठून घ्यावे?

श्वान पैदास व विक्री नियम २०१७ नुसार पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. परदेशातून व्यापारासाठी कुत्रे आणण्यावर २०१६ पासून बंदी आहे. त्यामुळे ‘इम्पोर्टेड लाइन’ असे सांगून कोणी भाव वाढवत असेल, तर कागद मागावेत. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी, तिचा स्वभाव आणि चाल पाहावी, आई-वडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे व हृदयतपासणीचे अहवाल मागावेत. महामार्गाच्या कडेला किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून होणारा व्यवहार टाळावा. चिमुकल्या पिल्लाच्या रूपावरून ते किती वाढेल, हे कळत नाही. आई-वडिलांकडे पाहूनच कळते.

नाही जमले तर?

मोठ्या जातीचे कुत्रे वर्ष-दीड वर्षाचे झाल्यावर, म्हणजे वजन आणि खर्च दोन्ही वाढल्यावर नको होतात. ते रस्त्यावर सोडले जातात, फार्महाऊसवर साखळीला बांधले जातात किंवा एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० नुसार पाळीव प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. दीर्घकाळ आखूड साखळीला बांधून ठेवणे हाही. पण पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आजही १० ते ५० रुपये एवढाच. म्हणजे कायद्याचा धाक जवळपास नाही. रस्त्यावरची लढाई न शिकलेला ग्रेट डेन अन्न शोधू शकत नाही, भटक्या कुत्र्यांच्या टोळीपुढे टिकत नाही. त्याच्या आकाराला घाबरून माणसेही जवळ येत नाहीत. आश्रयगृहांनाही तो परवडत नाही. सांभाळणे अशक्यच झाले, तर पैदास करणाऱ्याला परत देणे किंवा डॉक्टर व प्राणिमित्र संस्थांच्या मदतीने घर शोधणे, हाच मार्ग.

पर्याय काय?

उंच, देखणा आणि राखणदार कुत्रा हवा असेल, तर तो आपल्या मातीतही आहे. दख्खनच्या पठारावरचा कारवान किंवा मुधोळ हाउंड पाऊण मीटरच्या आसपास उंच असूनही वजनाने साधारण पंचवीस किलोंचा, आखूड केसांचा आणि ऊन सोसणारा. २०१६ मध्ये लष्करानेही मुधोळ कुत्र्यांना प्रशिक्षणासाठी मेरठला नेले. मात्र त्याला धावायला मोकळे मैदान लागते, फ्लॅटमध्ये तो ग्रेट डेनपेक्षा जास्त अस्वस्थ होतो. गावठी कुत्रा तर या हवामानाला हजारो वर्षे सरावलेला. महाराष्ट्राला कुत्र्याची माया नवी नाही. दत्ताच्या पायाशी, खंडोबाच्या घोड्यासोबत आणि काळभैरवाचे वाहन म्हणून तो आहेच. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या ‘खंड्या’ या लाडक्या कुत्र्याची समाधीही दाखवली जाते.

तरीही मन ग्रेट डेनवरच बसले असेल, तर पाच प्रश्नांची उत्तरे घरातल्या सगळ्यांनी मिळून द्यावीत. पुढची दहा वर्षे महिन्याचा खर्च झेपेल का? इमारतीला लिफ्ट आहे का, आणि ती बंद पडली तर? मे महिन्यात वीज गेल्यावर काय करणार? रात्री दोन वाजता गाडी आणि डॉक्टर मिळेल का? मागचे पाय गेल्यावर त्याला उचलायला घरात कोण आहे? पाचही उत्तरे तयार असतील, तर असा कुत्रा कुटुंबाला लळा लावतो आणि त्याची थोडकी वर्षे सुखात जातात. एकाही उत्तराशी अडले, तर तूर्त थांबणे हीच त्या पिल्लावरची माया.